बर्फ कुणी उचलायचा?

आमच्या पिढीच्या मराठी माणसाने बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी. एक, हिंदी सिनेमातल्या गाण्यात. आणि दुसरा, रसवंतीगृहाच्या दारात, भुशात नि गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपात. पहिला नायिकेने नायकाला फेकून मारायचा आणि दुसरा दांडक्याने फोडून ग्लासात टाकायचा. बर्फ ही रोज सकाळी उठून बाजूला करायची वस्तू आहे, हे कळायला मला वयाची सहासष्टी उजाडावी लागली.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं लेकीकडे गेलो. ती राहते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क नावाच्या उपनगरात. आपल्याकडचे आईबाप अमेरिकेला जातात ते उन्हाळ्यात. नायगारा बघतात, अंगणातल्या टोमॅटोचे फोटो काढतात आणि थंडीच्या आधी परततात. आम्ही मुद्दाम थंडीतच गेलो. त्याला कारण होतं.

बफेलो ईरी सरोवराच्या काठावर आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि त्याच्यावरून बर्फाळ वारे वाहू लागतात. ते पाण्याची वाफ शोषून घेतात आणि किनाऱ्यावर आले की तीच वाफ बर्फ होऊन एका अरुंद पट्ट्यात ओततात. एका गावात कमरेएवढा बर्फ आणि दहा मैलांवर कोरडी ठक्क सडक, असा प्रकार तिथं नेहमीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा पट्टा लेकीच्या गावावर ठाण मांडून बसला आणि तीन-चार दिवसांत तिथं सुमारे ८० इंच, म्हणजे साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला. त्या दिवसांत आमचे जावई फावडं घेऊन घरासमोरची वाट मोकळी करत होते. वय चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी छातीत दुखलं. ‘स्नायू दुखावला असेल,’ म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. दोन महिन्यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. आम्हाला कळलं ते सगळं पार पडल्यावर. ‘तुम्ही उगाच काळजी करत बसला असतात, बाबा,’ असं लेक म्हणाली. त्यावर सौ. फोनवर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने पासपोर्ट बाहेर काढले.

म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा घरात एकच प्रश्न होता: यंदाचा बर्फ कुणी उचलायचा?

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसापुढे असा प्रश्न आला की त्याचा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीची वाट, जिला तिकडे ड्राइव्हवे म्हणतात, ती साठ फूट लांब आणि अठरा फूट रुंद. तिच्यावर एक फूट ताजा, भुसभुशीत बर्फ पडला असं धरू. अशा बर्फाचं वजन तेवढ्याच पाण्याच्या साधारण दहावा हिस्सा असतं. गणित केलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा केलं. तीन टन! एका फावड्यात पाच किलो धरले तर सहाशे वेळा वाकायचं, उचलायचं, फेकायचं. बर्फ ओला असला तर वजन सहज दुप्पट. आणि हे एका दिवसाचं.

याच्यात आणखी एक मेख असते. सरकारी गाडी रस्ता साफ करत जाते आणि जाता जाता आपल्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते. तो मीठ मिसळलेला, दाबलेला, दगडासारखा जड. तीन टन उपसून माणूस दमला, की शेवटी हा बांध त्याची वाट पाहत असतो.

यात हृदयावर ताण का येतो, हे डॉक्टरांनी जावयांना समजावलं होतं, ते त्यांनी मला समजावलं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. काम हातांचं, वजन उचलण्याचं. उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. आणि हे सगळं भल्या सकाळी, ऑफिसला उशीर होईल या घाईत, एरवी खुर्चीत बसणारा माणूस करतो. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास झाला आहे. फावड्याने बर्फ काढताना काही ना काही होऊन इस्पितळात जावं लागलेल्यांची संख्या वर्षाला सरासरी साडेअकरा हजार आणि मृत्यू वर्षाला सुमारे शंभर; ते हृदयविकाराने. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोत जे हिमवादळ झालं त्यात चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्यातही काही जण बर्फ काढता काढता गेले. त्यात आपण भारतीय उपखंडातली माणसं. आपल्याला हा विकार गाठतो तोही इतरांपेक्षा लवकरच्या वयात.

तेव्हा फावडं बाद. उरले तीन प्रस्ताव. कर्जाची प्रकरणं तपासावीत तसे मी ते एकेक करून तपासले.

पहिला, स्नोब्लोअर. १९२५ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार नावाच्या गृहस्थाने हे यंत्र बनवलं. कल्पना सुचली ती शेतावरच्या मळणीयंत्रावरून. पुढे स्क्रूसारखं फिरणारं पातं बर्फ आत ओढतं आणि धुराड्यासारख्या तोंडातून लांब भिरकावतं. हलक्या बर्फाला एका टप्प्याचं लहान यंत्र पुरतं. बफेलोच्या बर्फाला दोन टप्प्यांचं लागतं, म्हणजे आतल्या बाजूला फेकणारा वेगळा पंखा असलेलं. आम्ही पाहिलं ते चौदाशे डॉलरचं होतं. जावयांचा जीव याच यंत्रावर जडला होता. पण खर्च किमतीवर थांबत नाही. पेट्रोल टाकीत पडून राहिलं की कार्बुरेटर धरतो. पात्याखाली गोठलेला ढेकूळ आला की शिअर पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच बसवलेली असते, नाहीतर गिअर जाईल. आणि ओला बर्फ तोंडात अडकला की माणूस हात घालतो. इंजिन बंद असलं तरी पात्यात ताण उरलेला असतो. अडथळा निघाला की ते झटका देऊन फिरतं. अशी बोटं गमावलेली माणसं त्या देशात दर हिवाळ्यात इस्पितळात येतात. आत काठी घालायची, हात नाही, हा पहिला धडा. शिवाय दोनशे-अडीचशे पौंडांचं हे धूड वळवताना, मागं ओढताना दमछाक व्हायची ती होतेच. धडधाकट माणसाला यंत्र उत्तमच. स्टेंटवाल्याला ते फावड्याहून बरं, एवढंच.

दुसरा प्रस्ताव प्लाऊचा. शब्दाचा अर्थ नांगर, पण काम नांगरणीचं नव्हे. पिकअप गाडीच्या तोंडाला लावलेलं हे रुंद लोखंडी पातं बर्फ ढकलत नेतं. समोरच्या शेजाऱ्यांकडे होतं. उबदार गाडीत बसून, कॉफी पीत, दहा मिनिटांत वाट साफ! मला हेवा वाटला. पण हिशेब मांडला तर पात्यालाच काही हजार डॉलर, ते पेलणारी गाडी वेगळी, आणि पुढंमागं करून गिअरबॉक्सची होणारी झीज आणखी वेगळी. प्लाऊ बर्फ उडवत नाही, ढकलतो. तेव्हा ढकलायला जागा हवी. जानेवारीपर्यंत कडेचे ढीग वाढतात आणि वाट आकसत जाते. तो बर्फ सार्वजनिक रस्त्यावर लोटायला न्यूयॉर्क राज्यात कायद्याने बंदी आहे. लांबलचक वाट असलेल्या शेतघराला किंवा दहा घरांची कामं घेणाऱ्याला प्लाऊ परवडतो. एका घरासाठी प्लाऊ घेणं म्हणजे एका वाटी दह्यासाठी म्हैस बांधणं.

मधे मी एक सहकारी तोडगाही सुचवला. चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावं! अर्धं आयुष्य महाराष्ट्रात कर्जं वाटण्यात गेल्यावर दुसरं काय सुचणार? पण माझ्यातल्या बँकवाल्यानेच तो फेटाळला. बँक चालते ती सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत म्हणून. बर्फ मात्र चारही दारांत एकाच पहाटे पडतो.

तिसरा प्रस्ताव, माणूस लावायचा. उन्हाळ्यात हिरवळ कापणारी माणसंच हिवाळ्यात गाडीला प्लाऊ लावून ही कामं घेतात. दर खेपेला पैसे, नाहीतर सबंध मोसमाचा ठोक करार. आम्हाला सांगितलेला भाव मोसमाला साडेचारशे डॉलर होता. बर्फ कमी पडला तर पैसे गेल्यासारखे वाटतात, जास्त पडला तर वसूल. म्हणजे तो एक विमाच.

हिशेबात तिसराच प्रस्ताव सरस होता. तरी जावई तयार होईनात. पैशांसाठी नव्हे. ‘बाबा, स्वतःच्या दारातलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं? या गल्लीत माझ्या वयाचं कुणीच तसं करत नाही.’ आणि खरं सांगतो, मला त्यांचं पटत होतं. आपलं काम आपण करावं, हे संस्कार माझेही.

यावर लेक जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. ‘बाबा, पुण्याच्या आपल्या घरात भांड्यांना बाई आहे, केरफरशीला बाई आहे, गाडी पुसायला माणूस आहे. तुम्ही आयुष्यात केरसुणी हातात धरलेली मी पाहिली नाही. तिथं कमीपणा वाटत नाही आणि इथं तीन टन बर्फाला माणूस लावायचा तर स्वाभिमान आडवा येतो?’

सासरे-जावई दोघेही गप्प झालो. कारण तिचं खरं होतं. कष्टाची जी कामं घरात बायका किंवा बाहेरून आलेल्या बायका करतात, त्यांना आपण काम म्हणत नाही. पुरुषाने अंगणात, चार लोकांच्या देखत करायचं म्हटलं की त्याच कष्टाला स्वावलंबन म्हणतो. जावई उचलत होते तो बर्फ नव्हता. आपण अजून धडधाकट आहोत, हे प्रमाणपत्र होतं.

करार झाला. तो मात्र मी बँकेतल्या नजरेने वाचला. किती इंचांनंतर माणूस येणार. दिवसातून किती खेपा. तोंडाशी आलेला बांध काढणार की नाही. पायऱ्या आणि पायवाट धरलेली आहे का. हिरवळ उखडली तर भरपाई कुणाची. त्याच्याकडे विमा आहे का. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. पैसे दोन हप्त्यांत, अर्धे मोसमाच्या मध्यावर. तोंडी आश्वासनावर मी कधी कर्ज दिलं नाही, आणि आगाऊ सगळे पैसे घेऊन गडप होणारी माणसं सर्व देशांत असतात.

जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली. १३ आणि १४ तारखेला असं वादळ आलं की गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली गेली. लेकीच्या गावातच अमेरिकन फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे. तिथला रविवारचा महत्त्वाचा सामना सोमवारवर ढकलला आणि बर्फ उपसायला लोकांना जाहीर बोलावणं केलं: तासाला वीस डॉलर, वर जेवण. आमचा माणूस काही पहिल्या दिवशी आला नाही. कसा येणार? जावई खिडकीशी येरझाऱ्या घालत होते. आणि गंमत बघा, त्या सकाळी फावडं घेऊन गुपचूप बाहेर पडलो तो मी! रक्तदाबाची गोळी घेणारा, सहासष्ट वर्षांचा मी. आठ-दहा फावडी टाकली असतील, तेवढ्यात मागून सौ.चा आवाज आला. त्या आवाजात थंडीपेक्षा जास्त धार होती. मी निमूट आत आलो.

मग आम्ही एवढंच केलं: दारासमोर एक माणूस जाईल इतकी वाट हलक्या फावड्याने, न उचलता, नुसती ढकलत मोकळी केली, आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर जिथून बाहेर पडतो त्या भिंतीतल्या नळीपुढचा बर्फ हटवला, कारण ती बुजली तर विषारी वायू घरात कोंडतो. बाकीचा बर्फ तसाच पडून राहिला. काही बिघडलं नाही. गाडी काढून जायचं तरी कुठं होतं? बर्फाला घाई नसते. घाई आपल्याला असते.

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आधी, खिडकीवर पिवळा दिवा फिरला. प्लाऊवाला आला होता. पंधरा-वीस मिनिटांत वाट झाली. जावयांनी खिडकीतून हात केला, त्याने गाडीतून हात केला. कुणाचा स्वाभिमान त्यात दुखावलेला मला तरी दिसला नाही.

धडधाकट तरुणाने यंत्र घ्यावं, लांब वाटेच्या घराने प्लाऊचा विचार करावा, याला माझी हरकत नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या, हृदयाची शंका असलेल्या माणसाने बर्फाला माणूस लावावा. आणि तो निर्णय ऑक्टोबरात, कोरड्या अंगणात उभं राहून घ्यावा. पहिला बर्फ पडल्यावर हिशेब सुचत नाही, फावडंच सुचतं.

हे मी इथं लिहितो, कारण या पुरवणीच्या वाचकांपैकी अनेकांची मुलं त्या थंड मुलखांत आहेत. डिसेंबर-जानेवारीत आपण फोन करतो आणि विचारतो, ‘थंडी किती आहे? स्वेटर घालतोस ना?’ ती ‘हो’ म्हणतात. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा: ‘दारातला बर्फ कोण काढतं?’ आणि उत्तर ‘मीच, आणखी कोण?’ असं आलं, तर कौतुक करू नका. खर्च किती येतो ते विचारा आणि वेळ पडली तर तो हप्ता तुम्ही भरा.