मास्तरांना इगर्ज मराठीत सापडली नाही

आजोबा गेले ते गेल्या वर्षी, ऐन पावसात. त्यांचे जुने दोस्त म्हणजे आमचे मास्तर. पेडण्यात मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाकडे सावंतवाडीला राहतात. दोघांनी मिळून किती दशावतारी नाटकं रात्र रात्र जागून बघितली असतील त्याचा हिशोब नाही. मास्तरांना आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर निरोप गेला. निरोप म्हणजे एक चित्र: आजोबांचा फोटो, इंग्रजीत इगर्जीचं नाव आणि वेळ, दुपारी चार. पत्ता नव्हता. आम्हा गावातल्यांना इगर्जीचा पत्ता लागतो कशाला?

मास्तर मुलाच्या गाडीतून निघाले. फोनवर त्यांनी मराठीत 'चर्च' लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, संताचं नावही मराठीत घातलं. आली ती भलतीच ठिकाणं. मग मुलाने इंग्रजीत घातलं, तर कुणीतरी कधीकाळी लावून ठेवलेली नकाशावरची पिन त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपेलाकडे घेऊन गेली. कोपेल बंद. त्या पावसात विचारायला रस्त्यावर माणूस नाही. ते इगर्जीत पोचले तेव्हा आम्ही दफनभूमीतून परतत होतो. हातातला हार त्यांनी ओल्या मातीवर ठेवला आणि जाताना मला एवढंच म्हणाले, "गे बाय, तुमची इगर्ज माका मराठीत गावली नाय."

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या पॅरिशच्या युवा गटाने वेबसाइट करायचं ठरवलं. मला घेतलं, कारण 'ही साहित्याची विद्यार्थिनी, ही मजकूर लिहील'. कोडिंग माझ्या चुलतभावाकडे. त्या कामातून माझं जे मत बनलं ते इथे मांडते आहे. मंडळातले कवी लोक 'एसईओ' हा शब्द वाचून पान उलटतील, त्यांना विनंती आहे की थांबा. शेवटी हा विषय शब्दांचाच आहे.

आमचा पहिला आराखडा कसा होता ते सांगते. उघडल्या उघडल्या ड्रोनने काढलेला व्हिडिओ, मग सरकणारे फोटो, मग 'आपले स्वागत आहे', मग इतिहास. मीसची वेळ तिसऱ्या पानावर, तीही पोस्टरचं चित्र म्हणून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चुलतभाऊ तीन रात्री जागला होता म्हणून कुणी काही बोललं नाही. मग मी काही रविवार पॅरिश ऑफिसच्या खिडकीशी वही घेऊन बसले आणि लोक काय विचारतात ते लिहून काढलं. मीस किती वाजता? कोंकणी की इंग्लिश? बाप्तिझ्माचा दाखला कधी मिळेल, सोबत काय आणायचं? फेस्त यंदा कोणत्या तारखेला? सावंतवाडीहून बसने आलं तर उतरायचं कुठे? इगर्जीचा इतिहास एकानेही विचारला नाही. इतिहास नको असं नाही, तो मीच लिहिणार आहे, पण तो आत ठेवता येतो.

सर्च इंजिन पान वाचतं म्हणजे मुख्यतः त्यातला मजकूर वाचतं. पोस्टरच्या चित्रातली अक्षरं त्याला कधी कळतात, कधी कळत नाहीत, आणि चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल तर ज्यांना दिसत नाही त्यांचा फोनही ते वाचून दाखवू शकत नाही. आमच्याकडची जुनी मराठी पत्रकं तर त्याहून वाईट. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. तोच मजकूर उचलून पानावर चिकटवला की मशीनला देवनागरी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. म्हणजे आमची इगर्ज मराठीत होती, फक्त मशीनच्या लेखी नव्हती. ती सगळी पत्रकं मी पुन्हा टाईप केली. मे महिन्याची अर्धी सुट्टी त्यात गेली.

मग आली शब्दांची पंचाईत. आपण म्हणतो इगर्ज, पुस्तकात चर्च, कुणी इंग्रजी अक्षरांत 'इगोर्झ' असं लिहितो. आपण म्हणतो मीस, वसईचे मराठी कॅथलिक म्हणतात मिस्सा, पर्यटक म्हणतो मास. गाव मराठीत पेडणे, कोंकणीत पेडणें, इंग्रजी पाटीवर परनेम. संताचं नाव तर पोर्तुगीज, इंग्रजी, कोंकणी आणि मराठी अशा चार वेषांत फिरतं. माणसाला हे सगळं एकच आहे हे कळतं. मशीनला यातलं इंग्रजी बरंच कळतं, पण आपल्या बोलीतले शब्द कळायचे तर ते आधी कुठेतरी लिहिलेले सापडावे लागतात.

इथे आमच्या समितीतल्या एकांनी एका एजन्सीला विचारलं. एजन्सीने सांगितलं, पैसे द्या, पहिल्या नंबरवर आणतो. पानाच्या तळाशी शंभरेक शब्द बारीक अक्षरांत घालायचे: गोवा वेडिंग, बीच वेडिंग चर्च, बेस्ट चर्च इन गोवा. मला हसूच आलं. 'बेस्ट चर्च' म्हणजे काय? पण हसण्यापलीकडचंही कारण आहे. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतःच लिहून सांगतं. पानाच्या कोडमध्ये लपवलेल्या कीवर्डांकडे क्रम लावताना आपण बघत नाही हे त्यांनी 2009 सालीच जाहीर केलं आणि शब्दांचा असा भरणा करणं त्यांच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. जागांच्या शोधात ते तीन गोष्टी बघतात: विचारलेल्याशी मेळ, अंतर आणि त्या जागेची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. प्रसिद्धी हळूहळू येते. मेळ तेवढा आपल्या हातात आहे, आणि मेळ म्हणजे लोक ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांत सरळ उत्तर देणं.

म्हणून मी साधी वाक्यं लिहिली. आमच्या इगर्जीत रविवारची मीस अमुक वाजता असते, या चर्चला यायचं तर पेडणे बाजारातून असं या. एकाच परिच्छेदात 'इगर्ज' आणि 'चर्च' दोन्ही येतात, कारण बोलताना आपणही दोन्ही म्हणतो. त्यात कसली चलाखी नाही.

खरा वाद झाला तो मात्र भाषेवर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "चर्चच्या वेबसाइटवर मराठी कशाला? आपली प्रार्थना रोमी कोंकणीत, ऑफिसचं काम इंग्रजीत." गोव्यात हे वाक्य किती जुन्या जखमेवरून येतं ते मला ठाऊक आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं, मराठीला सरकारी कामात जागा दिली, रोमी लिपी बाहेर राहिली. त्यामुळे कॅथलिक माणूस मराठी म्हटलं की थोडा सावध होतो, आणि त्या सावधपणाला मी नावं ठेवणार नाही. माझी आजी आजही रोमीतच प्रार्थना वाचते. तिच्यासाठी रोमी पान हवंच आणि ते आम्ही सगळ्यात आधी केलं.

पण पेडणे म्हणजे सासष्टी नव्हे. हा तालुका सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आला तो 1788 च्या सुमाराला, जुन्या काबिजादीच्या जवळजवळ अडीचशे वर्षांनंतर. इथे आम्ही कॅथलिक थोडे. आमचे शेजारी, आमचे शिक्षक, आमच्या घरच्या मर्णाला खांदा द्यायला येणारे बहुतेक हिंदू आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी जण फोनवर मराठीतून लिहितात. इगर्ज कुणाला सापडायला हवी? रोज येणाऱ्याला ती सापडतेच. वेबसाइट करायची ती वर्षातून एकदा, फेस्ताला नाहीतर मर्णाला, येणाऱ्यासाठी.

आणि मराठी आपल्याला परकी आहे असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापून निघालं. मराठीत, ओवीबद्ध. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्याने पुराण लिहिलं. छापलं मात्र रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे इथे नव्हते. त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत आज लंडनला आहे. मराठी पुराण रोमी लिपीत! चारशे वर्षांपूर्वीही भाषा एक, लिपी दुसरी हा आपला संसार चालूच होता. समितीच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं तेव्हा ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ते पुराण ठीक, पण टाईप कोण करणार?" मी हात वर केला. ठराव झाला.

यात एक गंमत कळली ती सांगायलाच हवी. एकच मजकूर अनेक भाषांत असेल तर कुठलं पान कुठल्या भाषेचं हे सर्च इंजिनला एका खुणेने सांगता येतं. त्या खुणेला दोन अक्षरी भाषा-संकेत लागतो. मराठीला तो आहे, एम-आर. पोर्तुगीजला आहे, पी-टी. कोंकणीला दोन अक्षरी संकेतच नाही. तीन अक्षरी आहेत, के-ओ-के आणि गोव्याच्या कोंकणीसाठी जी-ओ-एम, पण ते या खुणेत चालत नाहीत. ज्या भाषेसाठी गोव्यात एवढं आंदोलन झालं, तिला इथे सांगायला दोन अक्षरंही मिळत नाहीत. पानाच्या स्वतःच्या कोडमध्ये मात्र तीन अक्षरी संकेत चालतो आणि पुढे लिपीही लिहिता येते, म्हणून आम्ही रोमी पानावर 'जी-ओ-एम, लॅटिन' असं लिहून ठेवलं आहे. कुणी वाचो न वाचो.

दिसण्याची दुसरी बाजूही आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. हरमल, मांद्रे, मोरजीला आधीच गर्दी, आता ती उतरते आमच्याच तालुक्यात. 'गोव्यात चर्च वेडिंग' असं शोधणाऱ्याला आमची इगर्ज सापडली तर पांढऱ्या भिंतीचा फोटो हवा असलेली मंडळी येणार हे उघड आहे. म्हणून लग्नाच्या पानावर पहिलंच वाक्य आहे की इगर्ज भाड्याने मिळत नाही. त्याखाली लागणारी कागदपत्रं आणि लग्नाआधीचा तयारी वर्ग. एजन्सीवाल्याला हे पान दाखवायला हवं होतं.

काही गोष्टी तर सापडूच नयेत. पहिल्या कुम्गारच्या मुलांचे नावासकट फोटो, आजारी माणसांची यादी, देणगीदारांच्या रकमा. एकाने सुचवलं, बाप्तिझ्माची जुनी पुस्तकं स्कॅन करून टाकूया, परदेशातल्या लोकांना पूर्वज शोधायला उपयोगी. हेतू चांगला, मी तरी विरोध केला. त्या पुस्तकांत जन्माच्या अशा नोंदी असतात ज्या घरच्यांनी कधी मोठ्याने वाचल्या नाहीत. दाखला हवा तर ऑफिसात या, फादर बघून देतील. आणि हे लक्षात ठेवा: 'इथे येऊ नका' अशी नुसती सूचना सर्च इंजिनला फाईलमध्ये लिहिली म्हणजे पान गुप्त झालं असं होत नाही. दुसरीकडून दुवा असेल तर त्याचा पत्ता शोधात येऊ शकतो. जे लपवायचं ते कुलपात ठेवायचं, नाहीतर चढवायचंच नाही.

व्हॅटिकनची वेबसाइट 1995 च्या नाताळात सुरू झाली आणि त्यांच्या सर्व्हरांना राफाएल, मायकल, गाब्रिएल अशी देवदूतांची नावं दिली होती. आमच्या सर्व्हरला नाव नाही, पण मला काळजी आहे ती पासवर्डची. तो चुलतभावाच्या फोनमध्ये आहे आणि चुलतभाऊ पुढच्या वर्षी बोटीवर जाणार. डोमेनचे पैसे दरवर्षी कोण भरणार? राखेच्या बुधवारची आणि गुड फ्रायडेची बदललेली वेळ कोण टाकणार? चुकीची वेळ दाखवणारी वेबसाइट, वेबसाइट नसण्यापेक्षा वाईट. माणूस निदान विचारत तरी येतो. वेबसाइटवर वाचलेलं तो विचारत नाही. म्हणून मी अडून बसले की पासवर्ड ऑफिसच्या वहीत लिहायचा आणि वेळ बदलायचं काम मीसची नोटीस लावणाऱ्या माणसाकडेच द्यायचं. ते पन्नाशीचे आहेत, एका दुपारी शिकले.

कोपेलाकडची पिन दुरुस्त व्हायला वेळ लागला. आधी इगर्जीची नोंद आपली आहे हे सिद्ध करावं लागतं, मग जागा हलवता येते. ती हलली त्या संध्याकाळी मी मास्तरांना मराठी पानाचा दुवा पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं: सावंतवाडीहून शोधून बघितलं, सापडली. खाली शुद्धलेखनाच्या चार चुका, ओळीच्या क्रमांकासकट. तीन दुरुस्त केल्या आहेत. चौथ्यावर आमचा वाद चालू आहे, कारण मास्तरांच्या मते 'इगर्जीत' असं लिहावं आणि माझ्या आजीच्या मते 'इगर्जेंत'.