परिषदेचे पाहुणे व आपलें गांव

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले कीं पुण्यांत विद्वानांची ये-जा सुरू होते. पावसाळा सरलेला, उन्हाळा अजून दूर, हवा कोरडी व गार. परिषदा व चर्चासत्रें भरविण्यास याहून सोईचा काळ नाहीं. कोणी इतिहासावर, कोणी वनस्पतिशास्त्रावर, कोणी पाणिनीच्या एखाद्या सूत्रावर निबंध वाचावयास येतो. आणि प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, आभारप्रदर्शनाच्या अगदीं शेजारीं, एक ओळ ठरलेली असते : ‘स्थलदर्शन, सकाळीं साडेआठ ते दुपारीं एक.’ या ओळीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. एका वाचकभगिनीचें पत्र त्यास निमित्त झालें. त्यांच्या सूनबाई महाविद्यालयांत अध्यापिका आहेत. तेथें या हिंवाळ्यांत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरावयाची आहे. पाहुण्यांना गांव दाखविण्याचें काम सूनबाईंकडे, आणि अर्थातच घरांतील लहानथोर सर्व मंडळींकडे, आलें आहे. ‘साडेचार तासांत पुणें कसें दाखवावें?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

याचें खरें उत्तर दोनच शब्दांत देतां येईल : दाखवूं नये. पुण्यांतील दोन ठिकाणें दाखवावींत, आणि तीं नीट दाखवावींत. परंतु कार्यकारी मंडळाच्या बैठकींत हें कोणास पटत नाहीं. एक सभासद म्हणतो, पर्वती राहिली. दुसरा म्हणतो, आगाखान राजवाडा राहिला. तिसऱ्याला सारसबागेचा गणपति सोडवत नाहीं. यादी सात-आठ ठिकाणांची होते. मग मोटार थांबते, माणसें मोजलीं जातात, तिकिटांसाठीं रांग लागते, छायाचित्रें निघतात, पुन्हा माणसें मोजलीं जातात, एक फ्रेंच गृहस्थ कमी भरतात, ते सांपडेपर्यंत पुढचें ठिकाण वगळावें लागतें. एक वाजतां पाहुणे परत येतात ते पुणें पाहून नव्हे, तर पुण्यांतील वाहनांची गर्दी पाहून. आणि वाटेवर साड्यांच्या एखाद्या दुकानापुढें मोटार अर्धा तास कां उभी राहते हें ज्यांनीं एकदां जवळून पाहिलें आहे त्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाहीं.

विद्वानांना असें हिंडविण्याची पद्धत कांहीं आजची नव्हे. प्राच्यविद्यापंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ सालीं पॅरिसला भरली, आणि पुढें कांहीं वर्षांच्या अंतरानें ती निरनिराळ्या शहरीं भरत गेली. १८८६ सालीं ती व्हिएन्नास भरली तेव्हां डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथें गेले होते. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत पूर्वीं शिकविणारे ब्यूलर हे त्या वेळीं व्हिएन्नाच्या विद्यापीठांत होते, तेव्हां परक्या मुलखांत ओळखीचें माणूस होतें. परत आल्यावर भांडारकरांनीं या प्रवासाचा वृत्तांत इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केला. म्हणजे परिषदेचा पाहुणा घरीं गेल्यावर लिहितो, बोलतो, आणि त्याच्या लिहिण्याबोलण्यांतून यजमानाचें शहर दुसऱ्या देशांत ओळखलें जातें, हें आपल्यालाही सव्वाशेंहून अधिक वर्षें ठाऊक आहे.

व्हिएन्नानंतर तीन वर्षांनीं, १८८९ सालीं, स्वीडन व नॉर्वे यांचा राजा दुसरा ऑस्कर याच्या आश्रयाखालीं हीच परिषद स्टॉकहोम व ख्रिस्तियानिया (म्हणजे आजचें ओस्लो) अशा दोन शहरांत मिळून झाली. मेजवान्यांचा व सहलींचा थाट एवढा मोठा कीं विद्येपेक्षां उत्सवच अधिक झाला अशी कुरकुर पंडितांत मागाहून बरीच झाली. पुढें त्यांच्यांत तट पडून १८९१ व १८९२ अशा लागोपाठच्या दोन वर्षीं लंडनांत दोन निरनिराळ्या परिषदा भरल्या! सहलींमुळेंच हें झालें असें कोणी समजूं नये. परंतु पाहुण्याला किती हिंडवावें याची मर्यादा राजालाही कळतेच असें नाहीं, एवढें मात्र दिसतें.

आतां पुण्याकडे वळूं. शनिवारवाडा वगळा असें मी म्हणणार नाहीं. म्हटलें तरी कोणी ऐकणार नाहीं. पहिल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं ज्याचा पाया घातला व १८२८ सालच्या आगींत ज्याचे महाल जळून गेले, त्या वाड्याचा तट, दिल्ली दरवाजा, जोतीं व कारंज्यांचे हौद एवढेंच आज उभें आहे. अशा जागीं वाटाड्याचें काम अवघड असतें, कारण जें नाहीं तें त्याला दाखवावयाचें असतें. जोत्यांवरून चालत चालत येथें गणेश रंगमहाल होता, येथें चौक होता, असें सांगत गेल्यास अभ्यासू माणसाच्या डोळ्यांपुढें वाडा उभा राहूं शकतो. परंतु होतें काय? एकदां अशा एका सहलींत मी बरोबर होतों. वाटाड्यानें दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांवर एक मिनिट खर्च केलें, आणि नारायणरावांच्या पिशाच्चावर पंधरा. पौर्णिमेच्या रात्रीं ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकूं येते, आनंदीबाईनें ‘ध’ चा ‘मा’ केला, वगैरे वगैरे. पाहुण्यांत एक जर्मन बाई होत्या, जुन्या दप्तरखान्यांतच आयुष्य घालविलेल्या. त्यांनीं फार सौम्यपणें विचारलें, ‘तें पत्र आतां कोणत्या संग्रहांत आहे?’ वाटाडे म्हणाले, ‘बाईसाहेब, ही गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे.’ बाईंनीं वही मिटली व पुढें त्या दिवशीं ती उघडली नाहीं.

नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं याच वाड्यांत गारद्यांकडून झाला, हा इतिहास आहे. अक्षर बदलल्याची गोष्ट ही दंतकथा आहे. दोन्ही सांगाव्यात; दंतकथेवांचून गांवाला चव नाहीं. परंतु कोणती कोणत्या ताटांत वाढली आहे हें पाहुण्याला कळलें पाहिजे. जो मनुष्य शंभर मैलांवरून किंवा पांच हजार मैलांवरून केवळ पुराव्याची चर्चा करावयास आला आहे, त्याच्यापुढें पुराव्याची अशी थट्टा होऊं देणें हा मला आतिथ्याचाच भंग वाटतो.

माझ्या मतें अभ्यासू पाहुण्याला पुण्यांत पहिल्यानें कोठें न्यावयाचें असेल तर तें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत. ही संस्था १९१७ सालीं स्थापन झाली, आणि नोव्हेंबर १९१९ मध्यें अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचें पहिलें अधिवेशन तिच्याच आश्रयानें भांडारकरांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास भरलें. येथें सोनेरी घुमट नाहीं, कारंजें नाहीं. छायाचित्रांत शोभेल असें फारसें कांहींच नाहीं. परंतु महाभारताची चिकित्सक आवृत्ति येथें तयार झाली. काम १९१९ सालीं सुरू झालें तें १९६६ सालीं पुरें झालें. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ सालीं मध्येंच निवर्तले. पोथ्या ताडून पाहण्याची रीत मात्र कोणालाही समजेल अशी होती. चौकटी आंखलेल्या कागदावर श्लोक अक्षरा-अक्षरानें मांडावयाचा, आणि निरनिराळ्या पोथ्यांतील निराळीं अक्षरें त्या त्या चौकटीखालीं उतरून घ्यावयाचीं. एका श्लोकाला एक कागद धरा, आणि महाभारताचे श्लोक किती याचा अंदाज करा! ही कृति समजावून सांगितली असतां वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकसुद्धां कसे पुढें सरकतात हें पाहण्यासारखें असतें. पूर्वीं कळवून, ग्रंथपालांची सवड पाहून, पंधरा-पंधरा जणांची टोळी न्यावी. चाळीस माणसें एकदम नेणें म्हणजे पोथ्यांना व ग्रंथपालांना दोघांनाही त्रास.

आतां थोडें अवघड बोलावयाचें आहे. आपण यादी करतों तेव्हां ती पाहुण्यासाठीं करतों असें आपणांस वाटतें. वास्तविक ती आपल्या माजघरांतून दिसणाऱ्या पुण्याची असते. पेशव्यांचा वाडा, पेशव्यांची टेंकडी, विश्रामबाग, तुळशीबाग. तामिळनाडूंतून आलेल्या एका प्राध्यापिकेनें मला विचारलें होतें, ‘मुलींची शाळा कोठें आहे?’ मला क्षणभर उमजलें नाहीं, कारण शहरांत मुलींच्या शाळा पुष्कळ. त्यांना १८४८ सालची, ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं बुधवार पेठेंत भिडे वाड्यांत काढलेली शाळा पाहावयाची होती. त्या शाळेचें नांव त्यांच्या गांवच्या विद्यार्थिनींना ठाऊक. आमच्या छापील यादींत तें नव्हतें. ती इमारत आतां राहिली नाहीं. मोडकळीस येऊन पडून होती, आणि स्मारकाकरितां म्हणून डिसेंबर २०२३ मध्यें ती उतरविण्यांत आली. परंतु गंज पेठेंतील फुल्यांचा वाडा उभा आहे. शहरांतील पाणवठे अस्पृश्यांना बंद असतां १८६८ सालीं ज्योतिरावांनीं आपल्या घरचा हौद त्यांना मोकळा केला, तें घर हेंच. सरदारवाड्यांचा डामडौल तेथें नाहीं. पण पुण्यासंबंधानें बाहेरचा अभ्यासक जे प्रश्न घेऊन येतो त्यांपैकीं निम्म्यांचीं उत्तरें तेथें उभें राहून देतां येतात. शनिवारवाडा व हें घर लागोपाठ दाखवावें, आणि मध्यें पाहुण्यांना वाद घालूं द्यावा. आपल्यापैकीं कांहींच्या घरीं याला नाक मुरडलें जाईल. मुरडूं द्या, पाहुणा परिषदेला आला आहे, आपल्या घरच्या मुंजीला नव्हे.

पाहुणा कोण आहे हेंही पाहावें. जपानी मंडळी असतील तर त्यांना कर्वेनगरला, म्हणजे पूर्वींच्या हिंगण्यास, न्यावें. अण्णासाहेब कर्व्यांच्या हातीं जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, तिच्या वाचनानंतर १९१५ सालच्या सामाजिक परिषदेंत अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें सुरूही केलें. हें ऐकल्यावर तोकियोहून आलेल्या माणसाला पुणें परकें वाटत नाहीं. गांधीविचाराचे अभ्यासक असतील तर आगाखान राजवाडा. ९ ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ हा महात्माजींचा बंदिवास तेथें झाला, आणि महादेवभाई व कस्तुरबा यांच्या समाध्या तेथेंच आहेत. तेथें मात्र वाटाड्यानें थोडें कमी बोलावें.

पाहुण्यांच्या सोबतच्या मंडळींविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वीं परिषदेच्या पत्रिकेंत ‘स्त्रियांसाठीं निराळा कार्यक्रम’ असे, आणि तो बहुधा खरेदीचा असे. आतां निबंध वाचतात बाई, आणि सोबत येतात त्यांचे यजमान! अशा एका निवृत्त गृहस्थांना मी शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत नेलें. कवि ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनीं पत्नी कमलाबाईंच्या साहाय्यानें वस्तु जमविल्या, अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव संग्रहाला दिलें, आणि १९७५ सालीं तो शासनाच्या स्वाधीन केला. तेथें तलवारी आहेत. परंतु आमचे पाहुणे अडकित्त्यांच्या कपाटापुढें अर्धा तास उभे राहिले. सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा हत्याराला कोणी मोराचा आकार दिला, कोणी घोड्याचा. कशासाठीं, हा त्यांचा प्रश्न. आमच्याबरोबर आलेल्या आजीबाईंनीं मोडक्या इंग्रजींत दिलेलें उत्तर छापील माहितींत नव्हतें : ‘हात रोज तेंच काम करतो, मग डोळ्याला कांहीं नको का?’ वाचकभगिनींनीं घरच्या वडील मंडळींपैकीं एखाद्या चालत्या-बोलत्या बाईंना बरोबर घ्यावें, हें मी मुद्दाम सुचवितों. बाकी वाटाडे म्हणून इतिहासाचे दोन विद्यार्थी पुरेत. मात्र त्यांना मानधन द्यावें. ‘अनुभव मिळेल’ असें सांगून फुकट राबवूं नये.

राहिली कार्ल्याची सहल. पूर्ण दिवस हातीं असेल तर पुण्यापासून सुमारें ६० किलोमीटर जाऊन हीं लेणीं पाहावींतच. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद; आंत ३७ खांब; आणि कमानदार छताला लांकडाच्या फासळ्या, त्याही आजवर टिकलेल्या. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें केल्याचा लेख तेथें आहे, आणि धेनुकाकट गांवच्या यवनांनीं खांब दिल्याचे लेखही आहेत. परदेशी पाहुण्याला हे लेख बोट ठेवून दाखवावेत. दोन हजार वर्षांपूर्वींही परका म्हणविला जाणारा मनुष्य येथें आपलें नांव कोरून गेला आहे. चैत्याच्या तोंडाशींच एकवीरा देवीचें देऊळ आहे. तेथें कोळी बंधुभगिनींची सदा वर्दळ असते, नारळ फुटतात, ढोल वाजतात. कांहीं वाटाडे त्या गर्दीबद्दल पाहुण्यांची क्षमा मागतात. ती मागण्याचें कारण नाहीं. चैत्य मुका झाला, देवी बोलते आहे, एवढेंच सांगावें.

मात्र एक गोष्ट आयोजकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. चैत्याचें तोंड पश्चिमेकडे आहे. सकाळीं साडेआठला निघालेली मोटार दहा-साडेदहाला तेथें पोंचते, तेव्हां आंत अंधार असतो, आणि पाहुणे मोबाइलच्या उजेडांत खांब चाचपतात. त्या दिवशीं सकाळीं शेवटची बैठक उरकून घ्यावी, जेवण लौकर वाढावें, आणि बाराच्या सुमारास निघावें. हिंवाळ्यांत पायऱ्या चढावयास ऊन जाचत नाहीं. तीन-साडेतीनच्या पुढें ऊन कमानीच्या मोठ्या गवाक्षांतून आंत शिरूं लागतें. तेवढा वेळ बोलणें थांबवून सर्वांनीं मागच्या स्तूपाकडे तोंड करून उभें राहावें.