असईचे ‘इंग्रज’

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या सैन्याला मराठी इतिहास सरसकट ‘इंग्रज’ म्हणतो. त्या सैन्याचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्माने डब्लिनचा होता. ७४वी आणि ७८वी या त्याच्या दोन गोऱ्या पायदळ पलटणी स्कॉटलंडच्या ‘हायलँड’ पलटणी, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ मुलखाच्या. बाकीचे बहुसंख्य सैन्य मद्रास इलाख्यातल्या देशी शिपायांचे होते. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४वी पलटण जवळजवळ संपली.

या डोंगराळ मुलखातल्या स्कॉट लोकांनी लंडनच्या राजाविरुद्ध केलेले बंड १७४६ साली कलोडनच्या माळावर चिरडण्यात आले होते. त्यानंतर त्यांच्या पारंपरिक पोशाखावर कायद्याने बंदी आली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. राजाच्या पलटणीत भरती झालेल्याला मात्र तोच पोशाख घालण्याची मुभा होती. कालच्या बंडखोराला साम्राज्याचा शिपाई करून राज्याशी जोडून घेण्याची ही रीत ब्रिटनच्या एकीचा पाया समजून घेण्यासाठी फार मोलाची आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये १७०७ मध्ये एक झाली ती प्रेमापोटी नव्हे. त्याआधी स्कॉटलंडने स्वतःची वसाहत उभारण्याचा प्रयत्न केला होता. १६९८ मध्ये पनामाच्या संयोगभूमीकडे, डॅरिएनला, जहाजे रवाना झाली. लहान-मोठ्या अनेक लोकांनी मिळून ४ लाख पौंडांची वर्गणी कबूल केली होती. रोगराई, उपासमार, स्पेनचा विरोध आणि इंग्लंडची असहकाराची भूमिका यांपुढे १७०० पर्यंत सगळा डाव मोडला आणि दोन हजारांच्या आसपास माणसे दगावली. विलीनीकरणाच्या वेळी इंग्लंडने स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड दिले. त्यातला मोठा वाटा डॅरिएनमध्ये बुडालेल्यांची भरपाई करण्यात गेला. त्याहून मोठा लाभ वेगळाच होता: इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार स्कॉट लोकांना खुला झाला. ग्लासगोचे व्यापारी अमेरिकेतल्या तंबाखूवर गबर झाले. तो तंबाखू गुलामांच्या श्रमातून पिकत होता. एकीची किंमत पहिल्यापासून तिसऱ्याच कुणीतरी चुकवली.

ईस्ट इंडिया कंपनीत तर स्कॉट लोकांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूपच जास्त होती. एडिनबरोचा मुत्सद्दी हेन्री डंडास १७९३ ते १८०१ या काळात कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याच्या वशिल्याने अनेकांची वर्णी लागली. महाराष्ट्राच्या परिचयाची स्कॉट नावेच पाहिली तरी त्यांच्यातला वर्गांचा पट ध्यानात येतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लॉर्डाचा धाकटा मुलगा, आणि तिथल्या वारसाहक्कात जहागीर थोरल्याकडे जात असे. जॉन माल्कम कुळाने शेती करणाऱ्याचा मुलगा, सतरा भावंडांपैकी एक. टॉमस मन्रोच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बुडाला. राजाच्या सैन्यात अधिकारपदे १८७१ पर्यंत विकत मिळत. कंपनीच्या सैन्यात वशिला लागे, पण पद विकत घ्यावे लागत नसे. म्हणून खिसा रिकामा असलेल्या बऱ्या घरच्या मुलांना कंपनीचे सैन्य परवडे. पुढे एल्फिन्स्टन आणि माल्कम मुंबईचे, तर मन्रो मद्रासचा गव्हर्नर झाला.

साध्या हायलँड शिपायाच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याचे भाऊबंद त्याच काळात स्वतःच्या गावांतून हुसकावले जात होते. उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलँडच्या जमीनदारीत १८११ ते १८२० या काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांची घरे रिकामी करवली गेली. ब्रिटिश अभिमानात त्याला जागा होती, जमिनीत नव्हती.

श्रीमंत आणि गरीब ही जणू दोन राष्ट्रे आहेत, असे बेंजामिन डिझरायलीने १८४५ च्या ‘सिबिल’ कादंबरीत मांडले. पंतप्रधान झाल्यावर त्यानेच १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी हा किताब मिळवून दिला. साम्राज्याच्या वैभवाने वर्गावर्गांतली दरी झाकली जाईल, हा हिशेब पुष्कळ काळ चालला. पण दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी शहरांतले कितीतरी गरीब तरुण शरीराने भरतीलायकच नाहीत, हे उघड झाले. १९०६ मध्ये शाळांतून जेवण देण्याचा कायदा करावा लागला, त्यामागे ही धास्तीही होती. राजकारणी जोसेफ चेंबरलेनने १९०३ पासून साम्राज्याबाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसवण्याची मोहीम चालवली. पाव महागेल या भीतीपुढे ती टिकली नाही, आणि १९०६ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचा धुव्वा उडाला. मजुराला साम्राज्याचा अभिमान होता, पण पोटाला चिमटा घेऊन मिरवण्याइतका नव्हता, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे उदाहरण आणखी बोलके आहे. बंगालच्या तागावर तिथल्या गिरण्या चालत आणि त्यांत मुख्यतः बायका राबत. पुढे कलकत्त्याजवळ ताग गिरण्या निघाल्या. त्यांतले बरेच व्यवस्थापक डंडीहून आलेले होते, आणि त्याच गिरण्यांच्या स्पर्धेने डंडीचा धंदा खालावला.

१९४७ नंतर वसाहती गेल्या, तशा साहेबाच्या नोकऱ्याही गेल्या. काही काळ सरकारी आरोग्यसेवा आणि सरकारी मालकीच्या कोळसा-पोलादाने ब्रिटनला सांधून धरले. १९६७ मध्ये स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकली. १९८० च्या दशकात खाणी आणि कारखाने बंद पडू लागले, तसा स्वातंत्र्याचा आवाज कामगार वस्त्यांतही वाढला. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ४४.७ टक्के मतदारांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला. स्वतंत्र होण्याच्या बाजूने बहुमत झालेल्या मोजक्या भागांत तंबाखूवर गबर झालेले ग्लासगो आणि तागाची डंडी ही दोन्ही शहरे होती.