उमेदवारी कोणी बुडवली?

‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य निवृत्त अभियंत्यांच्या बैठकीत हमखास कानी पडते. इमारतींचे सांगाडे आखणाऱ्या, म्हणजे आर.सी.सी. डिझाइनचे काम करणाऱ्या तरुणांविषयी तर ते अधिकच तुच्छतेने उच्चारले जाते. तक्रारीत तथ्य किती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवे ते हे की, या मुलांना शिकवायचे होते कोणी?

डॉक्टरला कायम नोंदणीपूर्वी वर्षभर आंतरवासिता करावी लागते. सनदी लेखापालाला आर्टिकलशिप चुकत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंत्यांपर्यंत पोहोचला खरा, परंतु अशी उमेदवारी प्रत्येक अभियंत्याला सक्तीची नाही. परिणामी परीक्षा देऊन आलेला मुलगा पहिल्याच महिन्यात संगणकापुढे बसून तुळयांची मापे ठरवू लागतो.

संगणक गणित चुकत नाही. पण प्रश्नच चुकीचा मांडला तर तो हटकतही नाही. सारखा भार वाहणारी तुळई भिंतींवर नुसती टेकलेली असताना तिची टोके घट्ट जखडलेली आहेत असे नोंदवले, तर मध्यभागी तिला वाकवणारे आघूर्ण प्रत्यक्षाच्या एक तृतीयांशच दिसते. उत्तर मात्र सुबक छापून येते. ही चूक पाठीमागे उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला क्षणात दिसते. मागे कोणी उभेच नसेल तर दोष कोणाचा?

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील बहुमजली इमारती कोसळल्या, त्याचे दुःख गुजरातेतील आपल्या माणसांना सांगायला नको. खांबातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावीत, असे भारतीय मानकात त्याआधीच, १९९३ मध्ये लिहिलेले होते. ९० अंशांत वळवलेली रिंग हादऱ्यांत उघडते, सळया फाकतात आणि आतले काँक्रीट भुगा होते. नकाशावरची ही टीप नवशिक्या नकलून घेतो. ती का आहे आणि फिटर ती का टाळतो, हे मात्र साइटवर वडीलधाऱ्यासोबत उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

यावर कोणी म्हणेल, हुशार मुलगा आपले आपण शिकतो. त्यांनी कॅनडातील क्वेबेक पुलाची कथा आठवावी. सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये. पुलावर त्यांच्या वतीने काही वर्षांपूर्वीच पदवी घेतलेला नॉर्मन मॅक्लूर. गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला, तरी पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने केला नाही. पोलादी भाग वाकू लागल्याचे त्या तरुणाने पाहिले, मोजले, कळवले, स्वतः न्यूयॉर्क गाठले. पण काम थांबवण्याचा अधिकार आणि निर्णय घेऊ शकणारा अनुभवी माणूस, दोन्ही पुलावर नव्हते. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला; ७५ कामगार मेले. तेथे तरुण उणा पडला नाही. ज्येष्ठ जागेवर नव्हता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शिकवलेला मुलगा जास्त पगारासाठी दुसरीकडे जातो. जाईना! तो जेथे जाईल तेथली इमारत तरी उभी राहील. आपल्यालाही कोणीतरी फुकट शिकवले होते. त्या ऋणाची परतफेड पुढच्या पिढीलाच करायची असते.

बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, ते पुस्तकी विद्येला हाताच्या कामाची जोड मिळावी म्हणून. त्या वारशाचा अभिमान आपण समारंभांतून मिरवतो. मग बांधकाम खाते, रेल्वे आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आपल्या घरोघरच्या अभियंत्यांनी आठवड्याचे दोन तास एका नवशिक्याला द्यायला काय हरकत आहे? आणि जे अद्याप व्यवसायात आहेत त्यांनी तीन गोष्टी कराव्यात: नवशिक्याला आठवड्यातून एक दिवस साइटवर न्यावे, महत्त्वाची एक तुळई त्याच्याकडून हाताने सोडवून घ्यावी, आणि त्याच्याशी चर्चा केल्याखेरीज त्याच्या हिशेबावर सही करू नये.

एवढेही जमत नसेल, तर ‘मुलांना काही येत नाही’ हे म्हणणे निदान थांबवावे. तो शेरा मुलांवरचा नाही, आपल्यावरचा आहे.