स्टेज वन कशाला? आधी ब्रेक बघा!

दिवाळीत अचलपूर-परतवाड्याच्या रस्त्यांवर एमएच-१२, एमएच-१४ दिसायला लागल्या की समजायचं, आयटीतली पोट्टी गावाला आली. हल्ली यांच्या गप्पांत फोक्सवॅगन व्हर्टस जीटी असते आणि प्रश्न एकच : "स्टेज वन केलं का बे?"

मंडळी, माझ्या मते हा शुद्ध येडपटपणा आहे. कारणं देतो.

स्टेज वन म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवायचा, इग्निशनचं टायमिंग पुढे घ्यायचं. जीटीचं १.५ टीएसआय इंजिन मुळातच १५० पीएस आणि २५० एनएम टॉर्क देतं. सोबतचा ड्राय क्लचचा सात गिअरी डीएसजी बनवलाय तो २५० एनएमपर्यंतच. पेला कंपनीनेच काठोकाठ भरलाय, त्यात अजून काय ओतणार? ऑफिसात कुणी टेस्ट न करता प्रॉडक्शनवर पॅच टाकला तर आपण त्याला सोलून काढतो. इथे मात्र तेच काम पैसे मोजून करून घ्यायचं, वर वॉरंटीवर पाणी सोडायचं!

बरं, ती ताकद वऱ्हाडात टिकते का? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. इंजिनात हवा जितकी गरम जाते तितकी नॉकिंगची भीती जास्त. मग इंजिन वाचवायला ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि विकत घेतलेले पीएस ऐन उन्हात गायब.

चिखलदऱ्याचा घाट चढायला मूळचे १५० पीएस भरपूर झाले. परीक्षा असते ती उतरताना. २०२२ मध्ये ही गाडी आली ती मागच्या चाकांना ड्रम ब्रेक घेऊन. वेग १०० वरून १२० वर नेला की थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकनाच पचवावी लागते. घाटात वळणापलीकडे गुरं असतात, बाजारातून पायी परतणारी कोरकू माणसं असतात. तुमचा डायनो रिपोर्ट त्यांच्या काय कामाचा?

"पण भाऊ, समृद्धीवर तर चालते ना?" तिथेही कारला मर्यादा १२० ची आहे. जशी शोरूममधून आणली तशी गाडी तेवढं हसत हसत पळते.

आवाज वाढवणारा सायलेन्सर बसवणाऱ्यांसाठी कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यातलं २०१९ चं कलम १८२-अ म्हणतं, बेकायदा बदल केला तर मालकाला बदलागणिक ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, तो वेगळाच.

हौसेला माझा विरोध नाही हो. पैसे खर्चायचेच तर त्याच मापाचे उत्तम टायर घ्या, चांगले ब्रेक पॅड टाका, ब्रेक ऑइल वेळेवर बदला (ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग उतारावर लवकर उकळतं). तरी खुमखुमी उरलीच तर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे करून या. समोरून गुरं तरी येणार नाहीत!