जीर्णोद्धार प्रेक्षकांचा

जुन्या नाटकगृहांवर प्रेम करणाऱ्या माणसांची मला अलीकडे धास्ती वाटू लागली आहे. नाटकगृह पाडणाऱ्यांची तितकी वाटत नाही. पाडणारा निदान उघडपणे कुदळ घेऊन येतो. प्रेम करणारा येतो तो रुमाल घेऊन. डोळे टिपतो, "काय ते वैभव होतं हो!" म्हणतो आणि तिकिटाच्या खिडकीवरून सरळ पुढे निघून जातो. नाटकगृहं मरतात ती या रुमालवाल्यांमुळे, असं माझं मत आहे आणि आज मी ते भांडून सिद्ध करणार आहे. आरोपींची नावं मागाहून सांगतो. पहिलं नाव तेवढं आत्ताच सांगून टाकतो, कारण ते माझंच आहे.

मी मूळचा गिरगावचा. चर्नी रोड स्टेशनावर उतरून चार पावलं चाललं की रॉयल ऑपेरा हाऊस. आमच्या लेखी ते नाटकगृह नव्हतंच, तो बसचा थांबा होता. ऑपेरा म्हणजे काय, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आत्याची तर ठाम समजूत होती की ऑपेरा हे कुणा पारशी गृहस्थाचं आडनाव आणि तो त्याचा बंगला. बाटलीवाला असतो, दारूवाला असतो, मग ऑपेरानं काय घोडं मारलंय?

आत्या अगदीच चुकली नव्हती. जहांगीर फ्रामजी कराका या पारशी गृहस्थांनी कलकत्त्याच्या मॉरिस बँडमन यांच्याबरोबर हे थिएटर उभारलं. कराका कोळशाचे दलाल. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात असं आपण म्हणतो. या माणसाचे झुंबरांपर्यंत पोचले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हा इमारत पुरी झालेलीही नव्हती, ती १९१२ साली झाली. उद्घाटन आधी आणि बांधकाम मागाहून ही चाल आपण स्वातंत्र्यानंतर काढली असं ज्यांना वाटत असेल त्यांनी नोंद घ्यावी. त्याच बादशहांच्या आगमनाचं स्मारक असलेला गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ साली पुरा झाला!

या ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं इथे झाली. नाटक संपलं की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत आणि प्रेक्षक जाता जाता मदतनिधीसाठी झोळीत पैसे टाकत. हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तिकीट काढून आलेला माणूस बाहेर पडताना पुन्हा खिशात हात घालत होता. आज आपण आत शिरतानाच खिशात हात घालतो, पण तो पास शोधायला.

पुढे ऑपेरा हाऊस सिनेमाचं थिएटर झालं. लहानपणी वडिलांचा हात धरून मी तिथे सिनेमे पाहिले. मग १९७२ साली मुंबईत टीव्ही आला, दहा वर्षांनी तो रंगीत झाला, पाठोपाठ व्हिडिओ आला. चाळीत एकाच्या घरी व्हीसीआर भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि तीस माणसांनी एका खोलीत रात्रभर तीन सिनेमे बघायचे, ही आमची चैन. वर्गणी माणशी दोन रुपये. त्या दोन रुपयांत आम्ही ऑपेरा हाऊससकट पुष्कळ काही विकलं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१९९३ साली ऑपेरा हाऊस बंद झालं. तोवर आम्ही गिरगाव सोडून बोरिवलीला गेलो होतो. त्यानंतर तेवीस वर्षं त्या बाजूला कधी जाणं झालं, की बसच्या खिडकीतून ती बंद दारं बघून मी न चुकता "अरेरे!" म्हणत असे. एकदा हिने विचारलं, "अहो, शेवटचं कधी गेला होतात इथे?" मी बोटं मोजली. बंद होण्याआधी दहाबारा वर्षं मी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे तेवीस वर्षं मी ज्याच्या नावाने सुतक पाळत होतो, त्याला मारणाऱ्यांत मीही होतो. फक्त माझा वार दोन रुपयांचा होता.

पण दैव दयाळू असतं, आणि काही माणसं त्याहून चिवट असतात. १९५२ साली हे थिएटर गोंडलच्या महाराजांनी घेतलं होतं. त्याच घराण्याने ते दुरुस्त करायला घेतलं. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली कित्येक वर्षं काम चाललं. २०१६ च्या ऑक्टोबरात दारं उघडली. २०१७ साली युनेस्कोकडून शाबासकीही मिळाली. सासून घराण्याकडून आलेली झुंबरं पुन्हा लखलखली, बाजूचे बॉक्स सोन्याने मढवल्यासारखे दिसू लागले, घुमटाच्या आठ पाकळ्यांवर कवी, कादंबरीकार, नाटककार यांना केलेला मुजरा पुन्हा वाचता येऊ लागला. थोडक्यात, दगड, लाकूड, काच, कापड सगळ्यांचा जीर्णोद्धार झाला. राहिला तो एका वस्तूचा. खुर्चीत बसते ती.

त्या वस्तूचे प्रकार मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमाला आम्ही दोघं तिथे गेलो. बोरिवलीहून स्लो लोकलने तासाभराहून अधिक प्रवास करून मी अर्धा तास आधी पोचलो होतो, कारण लहानपणीचं ते दार मला सावकाश ओलांडायचं होतं.

पहिला प्रकार छतवाले. यांची मान एकदा वर गेली की खाली येत नाही. तंबोरे लागले, पडदा वर गेला, बाई गायला बसल्या, तरी आमच्या पुढचे गृहस्थ मोबाईल आकाशाकडे धरून घुमटाचे फोटो काढत होते. मग झुंबराचे. मग बॉक्सचे. मग झुंबर मागे घेऊन स्वतःचे. गाणाऱ्या बाईंचा त्यांनी एकही फोटो काढला नाही. त्यांच्या दृष्टीने बाई झुंबराच्या आड येत होत्या. मध्यंतरात ते निघून गेले. जाताना मला म्हणाले, "मस्त आहे. बघण्यासारखं आहे." मी म्हटलं, "ऐकण्यासारखंही होतं."

दुसरा प्रकार उसासेवाले. हे माझ्याच वयाचे, त्यामुळे जास्त धोक्याचे. बाईंनी एक जागा सुरेख घेतली की हे शेजारणीच्या कानात म्हणणार, "आमच्या मास्तरांची सर नाही." मास्तरांचं गाणं यांनी ऐकलेलं नसतं, वडिलांकडून ऐकलेलं असतं, आणि मास्तर गात होते तेव्हा वडील त्यांच्या मागच्या मास्तरांच्या नावाने उसासे टाकत होते. या हिशेबाने मराठी रंगभूमीवर चांगलं गाणं फक्त एकदाच झालं असावं आणि ते ऐकायला कुणीच हजर नसावं!

तिसरा प्रकार पासवाले. हे मराठी माणसाचं अस्सल वाण. आमचा मेहुणा यांचा शिरोमणी. चांगली दुमजली घराची कमाई, दोन गाड्या, पण नाटकाला पैसे द्यायचे म्हटलं की त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. "भावोजी, ओळखीनं होतं ना, मग तिकीट कशाला?" डॉक्टर ओळखीचा असला तरी फी देईल, हॉटेलवाला ओळखीचा असला तर जास्तच ऑर्डर देईल, नट ओळखीचा निघाला की मात्र त्याच्या मुलांनी काय खायचं, हा प्रश्न याला पडत नाही.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. "तुम्हाला बोलायला काय जातं? अशा ठिकाणची तिकिटं परवडतात का?" यातले निम्मे लोक मॉलमध्ये सिनेमाच्या तिकिटाहून महाग मक्याच्या लाह्या बिनतक्रार खातात, त्यांना मी उत्तर देत नाही. पण उरलेले निम्मे खरं बोलतात. कॉलेजातला पोरगा, गिरणगावातला म्हातारा, गाणं शिकणारी मुलगी यांना दार बंद असेल, तर त्या दाराला सोन्याचा मुलामा देऊन उपयोग नाही. संगीत नाटकाच्या काळात पिट होता. पिटातला प्रेक्षक चार आणे देऊन बसायचा आणि वन्समोअरचा पहिला आवाज तिथूनच यायचा. म्हणून माझी मागणी साधी आहे. कुठलंही जुनं नाटकगृह दुरुस्त करताना त्याचा पिटही दुरुस्त करा. मागच्या चार रांगा वडापाव आणि चहाच्या दरात द्या. पुढच्या रांगांतल्या आम्ही ज्येष्ठांनी त्याचा भार सोसावा. आयुष्यभर पास मागितले, तेवढं व्याज समजू.

आणि कुणी म्हणेल, एवढं भांडायचं कशाला? उभं आहे ना थिएटर? तर जरा कोल्हापूरला चला. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. हे केशवराव म्हणजे १९२१ साली मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान करणारे. तेही नाट्यगृह शंभरी गाठली तेव्हा नीटनेटकं केलेलं होतं. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. ते पुन्हा उभारायचं लगेच ठरलं, आणि ठरायलाच हवं होतं. त्या रडण्याची मी थट्टा करणार नाही. पण त्या रात्री बोरिवलीत टीव्हीसमोर बसून मीही डोळे पुसले, आणि पुसता पुसता बोटं मोजली. दुरुस्तीनंतर कोल्हापुरात चार वेळा गेलो होतो. अंबाबाई झाली, पन्हाळा झाला, तांबडा-पांढरा रस्सा झाला. नाट्यगृहात नाटक? एकदाही नाही.

देवळाचा जीर्णोद्धार केला आणि पूजाच बंद ठेवली, तर गावकरी विश्वस्तांना धारेवर धरतील. नाटकगृहाची पूजा म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगाला लागतो प्रेक्षक. दिवे, गाद्या, पंखे, माणसं या सगळ्यांचा खर्च रोज चालू असतो. तो अश्रूंनी भागत नाही. ऑपेरा हाऊसला खुर्च्या आहेत सुमारे पावणेसहाशे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. सव्वा कोटींतून पावणेसहाशे माणसं वेळेवर आली, तिकीट काढून आली आणि दोन तास गप्प बसली, तर कुणालाच वारसा वगैरे अवघड शब्द वापरावे लागणार नाहीत.

गप्प बसण्यावरून आठवलं. त्या कार्यक्रमाची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. भैरवी सुरू होती. बाईंनी वरचा षड्ज लावला होता आणि तो असा लागला होता की छतवाले सोडाच, उसासेवालेही गप्प होते. झुंबरसुद्धा ऐकतंय असं वाटत होतं. तेवढ्यात कुठेतरी खणखणीत आवाजात "सुखकर्ता दुखहर्ता" वाजू लागलं. पावणेसहाशे माना वळल्या. मीही रागाने वळलो. त्यावर ही दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मागे काय बघताय? तुमच्या खिशात वाजतंय."

बाई थांबल्या. आरती संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या. तंबोरे चालू होते. मी फोन बंद करण्याऐवजी चुकून उचलला, तर पलीकडून मेहुण्याचा आवाज. "भावोजी, ऑपेरा हाऊसला आहात म्हणे! उद्याचे दोन पास मिळतात का बघा ना."

बाईंनी षड्ज पुन्हा लावला. पहिल्यापेक्षा सुंदर लावला, हा त्यांचा मोठेपणा. माझी मान मात्र जी खाली गेली ती भैरवी संपेपर्यंत वर आली नाही. त्यामुळे तो प्रसिद्ध घुमट मला नीट बघताच आला नाही.

तो बघायला पुन्हा जाणार आहे. मागच्याच आठवड्यात पुढच्या एका कार्यक्रमाची तीन तिकिटं काढली. दोन आमची, एक मेहुण्याचं. पैसे त्याच्याकडून वसूल करायचं काम मी हिच्यावर सोपवलंय. फोन घरी ठेवणार आहे.