दुसऱ्याची ठेव

मोबाईल फोन आजच्या संसारांतील एक अत्यावश्यक साधन होऊन बसला आहे. शाळेचा अभ्यास, आगगाडीचें तिकीट, विजेचें बिल, परगांवच्या आप्तांची ख्यालीखुशाली, हें सर्व त्या एका यंत्रावर चालतें. तेव्हां त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यावर एखादें नवें अ‍ॅप घेतांना परवानगी मागणारें जें बटन पुढें येतें, तें आपण किती निष्काळजीपणें दाबतों, इकडे विद्यार्थिबंधुभगिनींचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधणें अगत्याचें वाटतें.

हा विषय काढतांच एक उत्तर हमखास ऐकूं येतें: “आमच्याजवळ लपविण्यासारखें आहेच काय?” हें उत्तर सरळ दिसतें, पण त्यांत दोन दोष आहेत.

पहिला दोष असा कीं, खाजगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. घरीं आलेलें दुसऱ्याच्या नांवाचें पाकीट आपण फोडीत नाहीं. त्यांत कांहीं पाप दडलेलें असेल म्हणून नव्हे, तर तें दुसऱ्याचें आहे म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा राज्यघटनेनें संरक्षिलेला मूलभूत हक्क आहे. या प्रकरणांतील अर्जदार निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, सन २०१२ मध्यें न्यायालयाचें दार ठोठावलें. त्या वयांत त्यांना स्वतःचें असें काय लपवावयाचें असणार!

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फोनमधील सर्व माहिती आपली नसतेच. मित्राचा क्रमांक, मावशीचा पत्ता, वर्गांतील मुलांचीं छायाचित्रें, हीं त्या त्या माणसांनीं विश्वासानें आपल्याजवळ ठेवलेली ठेव होय. ती परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

या निष्काळजीपणाचें फळ आपल्या देशांत अनेकांनीं भोगलें आहे. झटपट कर्ज देणाऱ्या कित्येक अ‍ॅप्सनीं कर्जदाराच्या फोनमधील नांवांची यादी मिळविली आणि हप्ता चुकतांच त्याच्या नातेवाइकांना व स्नेह्यांना फोन करून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. ज्यांनीं एक पैही उसनी घेतली नव्हती, त्यांनाही हा ताप झाला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें सूचना काढल्या कीं, कर्जाच्या अ‍ॅप्सनीं फोनमधील नांवांची यादी, फोन केल्याच्या नोंदी व छायाचित्रें यांना हात लावूं नये.

याचा अर्थ प्रत्येक परवानगी नाकारावी असा नाहीं. रस्ता दाखविणाऱ्या नकाशाला आपण कोठें आहों हें समजलेंच पाहिजे. समोरासमोर बोलावयाचें तर कॅमेरा हवाच. पण अंधारांत उजेड पाडणाऱ्या साध्या विजेरीच्या अ‍ॅपला आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचीं नांवें कशाला हवींत? अँड्रॉइडच्या फोनवर पूर्वीं अ‍ॅप घेतांनाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. सन २०१५ मध्यें निघालेल्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाच्या परवानग्या वेगवेगळ्या मागितल्या जातात, व दिलेली परवानगी सेटिंग्जमध्यें जाऊन परत घेतां येते. म्हणजे नकार देण्याची सोय आपल्या हातीं आहे. ती वापरण्याचा आळस तेवढा सोडला पाहिजे.

पालकांनीं तर येथें विशेष दक्ष असावें. सन २०२३ मध्यें आपल्या संसदेनें संमत केलेल्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची संमति घेण्याची अट आहे. पण न वाचतां दिलेल्या संमतीनें मुलाचें रक्षण तें काय होणार?

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, येत्या सुटींत प्रत्येक घरीं आईबापांनीं व मुलांनीं एकत्र बसून फोनमधील परवानग्या तपासाव्या. प्रत्येकीपुढें तीन प्रश्न विचारावे: या अ‍ॅपचें काम कोणतें? त्या कामास ही माहिती लागते काय? आणि जी माहिती आपण देत आहों, ती आपली स्वतःची आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर जिची ती ठेव आहे त्या व्यक्तीस विचारल्यावांचून बटनाला बोट लावूं नये.